तारीख राहू द्या

आधीची नोकरी का सोडली, या प्रश्नाला मी एका वर्षात तीन ठिकाणी तीन उत्तरं दिली. तिन्ही माझ्या वहीत आहेत. पहिलं खरं होतं आणि फार लांब होतं. दुसरं आटोपशीर होतं आणि खोटं होतं. तिसऱ्यापर्यंत पोचायला मला तेलगावची बस धरावी लागली. क्रमानं सांगते. क्रम सुटला की मला नीट सांगता येत नाही.

माझं सासर नेकनूरचं. अकरा वर्षं मी चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका खासगी शाळेत लिपिक होते. शाळेला वसतिगृहही होतं. सकाळी साडेसातला घरून निघायचं, काळी-पिवळीनं मांजरसुंब्यापर्यंत जायचं आणि तिथून मिळेल ती गाडी धरायची. प्रयोगशाळेची किल्ली कुठे आहे, दाखल्याचा शिक्का कोणी नेला, सातवीच्या कोणत्या पोराला डोळ्याचे थेंब कधी घालायचे, हे सगळं माझ्या वहीत असायचं. शिक्षक माझ्या माघारी मला ‘यादीबाई’ म्हणत. तोंडावर म्हणाले असते तरी चाललं असतं. यादी केली की डोकं रिकामं राहतं आणि रिकाम्या डोक्यात काम मावतं, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो. त्या माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. माझ्या डब्यातला ठेचा त्यांना लागायचा, त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला. संक्रांतीचं पहिलं वाण त्या मला द्यायच्या, संस्थेच्या अध्यक्षांच्या घरच्यांच्याही आधी. कोणी पाहुणा आला की ओळख करून देताना म्हणायच्या, “ही माझी धाकटी बहीण समजा.” मला सख्खी मोठी बहीण नाही. मी समजले.

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनीच माझ्यापुढे कोरा कागद ठेवला होता. “एवढं एक लिहून दे. घरगुती कारणास्तव मी माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे. खाली सही.” मी लिहिलं. सही केली. सवयीनं तारीख टाकायला पेन टेकवलं तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“तारीख राहू दे.”

“अहो बाई, आजच लागले आणि आजच राजीनामा?”

“सगळेच देतात गं. अध्यक्षांची पद्धत आहे. कपाटात पडून राहतो.”

आमच्याकडच्या बऱ्याच संस्थांमध्ये ही पद्धत आहे. बोहल्यावर उभं असतानाच फारकतीच्या कागदावर सही घ्यावी, तसं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण शेजारच्यानंही दिलेला असतो. मलाही वाटलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की ‘स्वखुशीने’मधला ‘स्व’ जरा फराटला गेला.

दुसऱ्या वर्षी मी ऑफिसची कपाटं लावायला घेतली. असे सगळ्यांचे कागद सुतळीनं बांधून एका कपाटावर टाकलेले होते. उंदरांनी कोपरे कुरतडले होते. मला ते बघवेना. एकेक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, आडनावांप्रमाणे लावला, पहिल्या पानावर अनुक्रमणिका केली, बॉक्स फाईलीच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली. कामाला तीन दुपारी लागल्या. मोठ्या बाईंनी फाईल उघडून पाहिली आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, “बघा, याला म्हणतात काम.” त्या दिवसापासून नव्या माणसाकडून तो कागद घेणं हेही माझ्याकडे आलं.

मी तो चांगला घ्यायचे. माणसाला अवघडल्यासारखं होऊ द्यायचे नाही. गणिताचे एक सर लागले होते, तेलगावचे, तिशीच्या आतले. त्यांनी सही केली आणि विचारलं, “मॅडम, तारीख टाकू का?” मी म्हणाले, “नको, राहू द्या. सगळेच देतात.” त्यांच्या पेनची शाई संपत आली होती, म्हणून माझं पेन दिलं.

आता पडताळणीकडे येते.

वसतिगृहात बहुतेक मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. दिवाळीनंतर आईबाप कारखान्यांकडे निघाले की काही मुलं राहायची, काही त्यांच्यासोबत जायची. हजेरीपटावर मात्र सगळी राहायची, कारण अनुदान नावांवर यायचं. हजेरीपट माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे ताटांची वही होती. रोज सकाळी आठला मी खोल्यांमधून चक्कर मारून पोरं मोजायचे आणि स्वयंपाकाच्या मावशींना आकडा द्यायचे, म्हणजे भाकरी वाया जायच्या नाहीत. हजेरीपटावर नावं जास्त आणि वहीत ताटं कमी, हे मला दिसत होतं आणि मोठ्या बाईंनाही दिसत होतं. डबा खाताना त्या कधीतरी म्हणायच्या, “एक दिवस हे अंगाशी येणार. आणि येणार ते माझ्याच.”

सरकारी पडताळणीचं पथक न सांगता आलं. साहेब हजेरीपट चाळत होते. मोठ्या बाई त्यांच्या समोर बसल्या होत्या, मी दारात उभी. साहेबांनी विचारलं, “जेवणाची काही नोंद ठेवता का?” मी बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे वळून, मोठ्यानं म्हणाल्या, “ताटांची वही आहे ना तुझी? दे साहेबांना. आपल्याला लपवायचं काय?”

त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. हे लिहायला जड जातं, पण वाटला होता. मी धावत जाऊन वही आणली, मागच्या दोन वर्षांच्याही आणल्या. साहेबांनी मागितल्या नव्हत्या.

तीन दिवसांनी अध्यक्ष आले. आम्हा दोघींना आत बोलावलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “वही कोणी दिली?”

मी म्हणाले, “मी दिली. बाईंनी सांगितलं म्हणून.”

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी टेबलावरच्या पेनदाणीतलं एक पेन काढलं, टोपण लावलं, परत ठेवलं.

“मला विचारलं नव्हतं तिनं,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हा हजेरीपट दाखवत होते.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्या एकदा तरी वर बघतील. खाली शाळेची मधली सुट्टी झाली, घंटा वाजली, पोरं ओरडत बाहेर आली. बाईंनी पदर सारखा केला. अध्यक्ष म्हणाले, “ठीक आहे, या तुम्ही.” त्या दिवशी दुपारी मी माझा डबा ऑफिसात खाल्ला आणि त्यांनी त्यांचा केबिनमध्ये. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आठवड्यानं पत्र मिळालं. ‘आपला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे.’ सोबत राजीनाम्याची रंगीत झेरॉक्स. माझंच अक्षर, अकरा वर्षांपूर्वीचं, निळी शाई फिकी पडलेली, ‘स्व’ फराटलेला. खाली तारीख मात्र काळ्या शाईत, ताजी. इंग्रजी सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ. अशी रेघ आमच्या शाळेत एकच माणूस मारायचं. पगारपत्रकापासून प्रगतिपुस्तकापर्यंत मी ते सात अकरा वर्षं पाहिले होते.

माझा कागद सापडायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नसेल. मीच तशी सोय करून ठेवली होती.

तीन आठवड्यांनी मोठ्या बाईंचा फोन आला. मी धुणं वाळत घालत होते. स्क्रीनवर त्यांचं नाव. वाटलं, माफी मागतील. उचलला.

“अगं, नवोदयच्या फॉर्मची जुनी फाईल कुठं लावली होतीस? सापडेना बघ.”

“तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, हिरवी पाठ,” मी म्हणाले.

“हां, हां. बरी आहेस ना?” आणि फोन ठेवला.

ओलं लुगडं हातात धरून मी तिथेच उभी. विचारलं होतं म्हणून सांगून टाकलं होतं. जाऊबाई पायरीवर कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, “काढून टाकलं तरी काम घेतेत व्हय तुमच्याकडून? मग पगार बी मागा की.” मी आत गेले. त्यांची काही चूक नव्हती.

त्यानंतर मी नोकरी शोधायला लागले. वहीत दोन रकाने केले: ‘अर्ज’ आणि ‘पुढे काय झालं’.

पहिली मुलाखत बीडला, एका फार्मसी कॉलेजात. टेबलामागे तिघे. मधल्यांनी विचारलं, “आधीची नोकरी का सोडलीत?” मी सांगितलं. सगळं. पडताळणी, वही, पेनदाणी, काळी शाई, सात. सांगताना माझा आवाज मला ऐकू येत होता आणि तो थांबत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. शेवटी डावीकडच्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “म्हणजे बाहेरच्या माणसानं मागितलं की तुम्ही ऑफिसची वही देऊन टाकता.”

‘पुढे काय झालं’च्या रकान्यात लिहिलं: जास्त बोलले.

दुसरी मुलाखत दूध संकलनाच्या ऑफिसात. या वेळी ठरवून गेले होते. “घरगुती कारण.” राजीनाम्यातही तेच होतं, तेव्हा कागदाला धरूनही होतं. मुलाखत घेणारे गृहस्थ पन्नाशीचे, बोलायला मोकळे.

“घरी काय अडचण होती, ताई?”

“सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या.”

“कुठल्या तुम्ही?”

“नेकनूर.”

“मोटार वायंडिंगच्या दुकानाशेजारी घर आहे, तेच का?”

“हो.”

ते हसायला लागले. “अहो, तुमच्या सासूबाई परवा बाजारात भेटल्या की मला! मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी अशा भांडत होत्या, आम्ही चौघं बघत उभे. खिळलेल्या कुठं?”

मीही हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बसमध्ये चढेपर्यंत चेहरा हसरा ठेवला. घरी सासूबाईंना सांगायचं टाळलं, पण त्यांना कळलंच. दोन दिवस त्या मला “बघ बाई, उठता येतंय का” म्हणत खाटेवरून उठायच्या.

राग सासूबाईंचा नव्हता, त्या गृहस्थांचाही नव्हता. राग याचा होता, की खोटा कागद दुसऱ्यांनी केला आणि तो खरा ठरवायला खोटं मी बोलत हिंडत होते.

तिसरा अर्ज बीडच्या एका खासगी दवाखान्यातला. डॉक्टर नवरा-बायको चालवतात. कागदपत्रं सांभाळायला माणूस हवं होतं, म्हणजे माझंच काम. मला ही नोकरी हवी होती. मुलगी लातूरला शिकायला होती, त्याचं कारण होतंच. पण त्याहून खरं कारण हे, की घरात बसून मी मसाल्यांच्या डब्यांना अनुक्रमांक द्यायला लागले होते.

फॉर्मच्या शेवटी रकाना होता: आधीच्या ठिकाणच्या, आपल्या कामाची माहिती देऊ शकेल अशा एका व्यक्तीचं नाव व फोन. मी पेन खाली ठेवलं.

संध्याकाळी आमच्या मालकांना म्हणाले, “अहो, माझी मुलाखत घ्या.” त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. जळालेली मोटार मांडीवर घेऊन तांब्याची तार ओढत होते.

“बस त्या डब्यावर. हं, सांगा बाई, कावून सोडली नोकरी?”

मी सुरू केलं. मोठ्या बाई, अकरा वर्षं, धाकटी बहीण.

“लई लांबलं. गिऱ्हाईक पळून गेलं.”

मी पुन्हा, थोडक्यात सांगितलं.

“आता थोडकं हाय, पण समदं दुसऱ्यावरच हाय. हे बघ.” त्यांनी पक्कड खाली ठेवली. “मोटार जळाली की मानूस घेऊन येतो. मी इचारतो, काय झालं? मग त्याचं सुरू होतं. शेजाऱ्यानं आकडा टाकला, लाईनमननं फेज बदलला, नशीब वाईट. मला त्यातलं काय बी नको असतं. मला एवढंच पायजे, बटण कुणी दाबलं.”

“माझं बटण बाईंनी दाबलं.”

“बरं. आन् तू कुणाचं दाबलंस?”

ते सहज म्हणाले. पुन्हा तार ओढायला लागले. त्यांना काहीही माहीत नव्हतं. पण मला एकदम आठवलं, आणि आठवलं म्हणण्यापेक्षा, जे रोज समोर होतं ते दिसलं.

मला काढलं त्याच्या दोन वर्षं आधी, अशाच एका दुपारी मोठ्या बाईंनी दारातून सांगितलं होतं, “त्या गणिताच्या सरांचा कागद काढ गं.” मी कपाट उघडलं, अनुक्रमणिका पाहिली, पाकीट काढलं, दिलं. अर्धं मिनिट. कशासाठी हवा, हे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. बाई म्हणाल्या, त्यांना दुसरीकडे चांगली मिळाली. मी अनुक्रमणिकेतून त्यांचं नाव पट्टी धरून सरळ रेघेनं खोडलं. त्याआधीच्या आठवड्यात सरांनी स्टाफ मीटिंगमध्ये हजेरीपटाबद्दल विचारलं होतं, हेही मला माहीत होतं. त्या मीटिंगचं टिपण मीच लिहिलं होतं.

त्यांचा नंबर जुन्या डायरीत होता. फोनवर बोलायचं धाडस झालं नाही. मी तेलगावची बस धरली.

सर आता घरातच शिकवणी घेतात. बाहेर पोरांच्या चपलांसाठी लाकडी फळी ठोकलेली. दुपारची वेळ, वर्ग सुरू व्हायला तास होता. त्यांनी मला ओळखलं आणि दारातच थांबले.

“मॅडम? तुमी इकडं कावून?”

“काम होतं.”

“यादीत होतो वाटतं मी.” हे बोलले, पण बाजूला झाले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, चहा ठेवला.

मी माझं सांगितलं. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाले, “मी तारीख टाकू का म्हणून इचारलं होतं. तुमी काय म्हणलात, आठवतंय का?”

“आठवतंय.”

“सगळेच देतात, म्हणलात. पेन बी तुमचंच होतं.” ते भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होते. “मला तीन महिने वाटायचं, तारीख तुमीच टाकली.”

“तारीख मी नाही टाकली. कागद मी काढून दिला.”

“कशाला पायजे, हे इचारलं नाहीत?”

“नाही.”

“अंदाज बी नव्हता?”

चहा आला होता. मी कप उचलला नाही. “असावा,” मी म्हणाले. “मी त्याच्याकडे बघितलं नाही.”

आत कुकरची शिटी झाली.

“सर, एका फॉर्मवर तुमचं नाव लिहायचं आहे. माझ्या कामाबद्दल विचारतील. माझ्या कामाचं खरं सांगेल असं दुसरं कोणी मला उरलेलं नाही.”

ते हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. “भारी हाय की. मला घालवायचा कागद तुमी काढला, आन् तुमाला नोकरीला लावायचा फोन मी घ्यायचा.”

“नको असेल तर नको म्हणा. मी अजून लिहिलेलं नाही.”

“लिवा नाव,” ते म्हणाले. “पण इचारलं तर हे बी सांगीन मी. समदं.”

“सांगा.”

“मग चहा घ्या. गार व्हायलाय.”

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “मोठ्या बाई तुमाला बहीण म्हणायच्या न्हाई का?” मी मान हलवली. “मला पोरगा म्हणायच्या,” ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मला मुलीच्या परीक्षेची यादी करायची होती. वही उघडलीच नाही. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्याशी जे होतं ते फक्त माझ्याशी होतं. बाईंच्या डब्यात माझ्याखेरीज आणखी कोणाकोणाचा हात होता, हे त्या दिवशी मोजायची इच्छा झाली नाही. आणि फसवणुकीचं दुःख अर्धं झालं का म्हणाल, तर नाही. ते अधिकच कडू झालं, कारण आता ते नुसतं माझ्यावर झालेलं नव्हतं, मीही कोणावर तरी केलेलं होतं.

दवाखान्यातली मुलाखत डॉक्टर बाईंनी घेतली. त्यांनी विचारलं. मी तीन वाक्यं घेऊन गेले होते.

“शाळेनं माझ्याकडून रुजू होतानाच तारीख न घातलेला राजीनामा घेतला होता. मी पडताळणीत वरिष्ठांच्या सांगण्यावरून खरी नोंद दिली, म्हणून त्यावर तारीख टाकून मला काढलं. असे राजीनामे इतरांकडून घेऊन फाईलीत लावायचं काम मीच करत होते, आणि एकाचा मी, कशासाठी हवा हे न विचारता, काढूनही दिला.”

डॉक्टर बाईंनी पेन थांबवलं. “शेवटचं मी विचारलं नव्हतं.”

“ज्यांचं नाव दिलं आहे, ते तेच सर आहेत. ते सांगणारच आहेत.”

त्या पहिल्यांदा हसल्या. “मग तेच नाव का दिलंत?”

“दुसरं खरं बोलणारं मिळालं नाही.”

अर्ध्या मिनिटात संपलं. फार्मसी कॉलेजात वीस मिनिटं लागली होती.

दहा दिवसांनी बोलावणं आलं. सरांनी फोनवर काय सांगितलं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. रुजू व्हायला गेले तर दवाखान्याच्या मॅनेजरनी कागद पुढे सरकवले. नेमणुकीचं पत्र, आधारची प्रत, फोटो. सगळ्यात खाली टाईप केलेला एक कागद. ‘वैयक्तिक कारणास्तव मी स्वखुशीने…’ तारखेच्या जागी टिंबं टिंबं.

“इथं फक्त सही. तारीख राहू द्या.”

मी कागद धरून बसले. बाहेर केसपेपरच्या खिडकीवर रांग होती, कोणाचं तरी पोर रडत होतं. मॅनेजर माझ्यापेक्षा लहान, साधा माणूस. त्यानं माझा चेहरा बघितला आणि समजुतीनं म्हणाला, “मॅडम, घाबरू नका. सगळेच देतात.”

माझाच आवाज. माझेच शब्द, त्याच मऊपणानं.

“मी देणार नाही,” मी म्हणाले. “आणि दुसऱ्यांकडून घेणारही नाही. मागची नोकरी मी का सोडली, हे मुलाखतीत सांगितलेलं आहे.”

तो गोंधळला. “मग तुमची नेमणूक…” म्हणत उठला आणि आत गेला. मी बाकावर बसले. समोर घड्याळ होतं. मी मनात घरापर्यंतच्या गाड्यांच्या वेळा मोजल्या: साडेअकराची गेली, सव्वाची मिळेल. जाऊबाईंना काय सांगायचं तेही ठरवलं. सव्वाची मिळेल असं वाटत होतं तोवर डॉक्टर बाई स्वतः बाहेर आल्या. त्यांच्या हातात तो टाईप केलेला कागद होता.

“ही पद्धत आधीच्या मॅनेजरनं लावली होती. मी कधी वाचलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. खरं की नाही, मला माहीत नाही. मी आता असं वाक्य ऐकलं की माणसाच्या हाताकडे बघते. त्यांचे हात स्थिर होते. “तुम्ही एक महिन्याची नोटीस देऊन सोडाल, आम्हीही एक महिन्याची नोटीस देऊ, एवढं लिहून द्या. चालेल?”

मी लिहिलं. सगळ्यात आधी वर तारीख, मग मजकूर, मग सही. एक प्रत मागून घेतली.

“आणि बाकीच्यांचे?” मी विचारलं. “नर्स, वॉर्डबॉय, सगळ्यांचे असतील.”

त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ते असू द्या सध्या. तुमच्याच कपाटात आहेत. ठरवू.”

‘ठरवू’ म्हणजे काय, हे मला अकरा वर्षांच्या अनुभवानं कळतं. तरी मी थांबले. मला नोकरी हवी होती, हे मी लपवणार नाही.

आता वर्ष व्हायला आलं. दवाखान्यातलं माझं कपाट कोणीही उघडून बघावं. केसपेपर वर्षाप्रमाणे, लॅबचे रिपोर्ट नंबराप्रमाणे, लायसन्सच्या मुदती दारावर लाल पेनानं. मॅनेजर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. मोठ्या बाईंचा अजून एकदा फोन आला होता, कुठल्याशा जुन्या दाखल्यासाठी. मी उचलला नाही. वाजत होता तोवर त्याच्याकडे बघत राहिले, आणि ती फाईल कुठे आहे हे मला त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं.

कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात एक गठ्ठा आहे. दवाखान्यात नवीन आलेल्या कोणाचाही कागद त्यात गेलेला नाही, एवढं मी केलं. जुने मात्र तसेच आहेत, सुतळीनं बांधलेले, मागेपुढे, उलटेसुलटे. मागच्या महिन्यात मॅनेजर म्हणाला, “मॅडम, तेवढं एक राहिलंय बघा. तेही लावून टाका की, छान दिसेल.”

मी म्हणाले, “ते राहू द्या.”

तिथला एखादा कागद कोणाला हवा असेल, तर सगळा गठ्ठा उपसावा लागेल. मी समोर बसलेली असेन, आणि या वेळी कशासाठी हवा हे विचारीन.